पाळीची पाटी

मंगळवार, २४ नोव्हेंबर १९८७

कीलहून सकाळच्या गाडीने निघाले, अंधार पडताना इथे दक्षिणेत गाइसलिंगनला पोचले. प्रवास छान झाला, खिडकीची जागा मिळाली. एकेहार्डचं, म्हणजे माझ्या भावाचं घर वरच्या मजल्यावर. खाली गाइसमायरबाई राहतात. त्यांनी किल्ली दिली आणि गरम मसूर-शेवया वाढल्या. मी पायपुसण्यावर बूट नीट पुसले, तर म्हणाल्या, "उत्तरेकडच्या असून पाय पुसता की हो!" भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच हसले. रविवारी त्यांच्या मुलीकडे जायचंय त्यांना. सोमवारी मीही परत.

बुधवार, २५ नोव्हेंबर

खोल्या आवरल्या. मागच्या खोलीत आगगाड्या आहेत. वडिलांच्या, युद्धाआधीच्या, पत्र्याच्या, चावीवर चालणाऱ्या. मोठं टेबल, रूळ, स्टेशन, प्लास्टरचा डोंगर आणि त्यात बोगदा. हिरव्या इंजिनाच्या कुशीत चावीचं भोक. लहानपणी हे सगळं फक्त ख्रिसमसला मांडायचं आणि सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की खोक्यात भरायचं. चावी वडीलच द्यायचे. आम्ही दोघं हात पाठीमागे बांधून बघायचो. एकेहार्डने गाड्या वर्षानुवर्षं उचलल्याच नसाव्यात.

माझं घर दोन खोल्यांचं. ठेवायच्या तर कुठे? विकल्या तर एकेहार्डचं माझ्याकडे दुसरं काहीच उरत नाही.

त्या खोलीच्या दाराच्या मुठीला पत्र्याची पाटी अडकवलेली होती: "आता तुमची पाळी." इकडे जिन्याच्या झाडलोटीची पाळी अशी पाटीने फिरते. ज्याच्या दाराला पाटी, त्याने तो आठवडा झाडायचं. उत्तरेकडची बाई काम चुकवते असं कोणी म्हणायला नको. पाटी काढून मी बाहेरच्या दाराला लावली आणि जिना वरून खालपर्यंत झाडला.

दर ख्रिसमसला मी त्याला कीलला बोलवायचे. दर वेळी फोनवर तेच, "जमायचं नाही गं रेनाटे, पाळी आहे." जिन्यापायी कोणी सण सोडतं का, म्हणून मी चिडायचे.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

सकाळी इंजिन कालच्या जागी, स्टेशनात, नव्हतं. बोगद्याच्या तोंडाशी होतं. चावी तर मी कालच टेबलावरून उचलून एप्रनच्या खिशात टाकलेली. घराची दुसरी किल्ली गाइसमायरबाईंकडे असते.

दुपारी त्या सुक्या नाशपातींचा पाव घेऊन आल्या आणि बसल्या न बसल्या तोच गाड्यांचं काय करणार म्हणून विचारू लागल्या. विकू नका, निदान सणापर्यंत तरी, असंही म्हणाल्या. तुम्हाला काय त्याचं, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी कॉफी ओतली.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

उल्महून क्नोब्लोख नावाचे जुन्या खेळण्यांचे व्यापारी आले. इंजिनाचा वास घेतला आणि डोळे मिटले. एकेहार्डने त्यांना कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता म्हणे. "तुमचे बंधू गाड्यांचे मालक कसले, नोकरच होते!" आणि आपल्याच विनोदावर हसले. मला आवडलं नाही. पण सकाळी इंजिन पुन्हा हललेलं होतं. या घरातून एकदाचं सुटावं म्हणून हो म्हटलं. इंजिन आणि डबे ते खोक्यांत भरून घेऊन गेले. चावी मात्र माझ्या खिशातच राहिली.

शनिवार, २८ नोव्हेंबर

क्नोब्लोखांचा फोन. "काय हो बाई, गाड्या विकल्यात की नुसती खोकी?" खोकी रिकामी निघाली म्हणे. लबाड माणूस, असं मनात म्हणत मागच्या खोलीत गेले.

हिरवं इंजिन रुळावर होतं. मागे सगळे डबे जोडलेले.

तशीच खाली गेले. गाइसमायरबाईंकडे आमची किल्ली परत मागितली. त्यांनी काही न विचारता दिली. आठवडा संपला, आता झाडायची पाळी तुमची, म्हणत मी पाटी पुढे केली. त्यांनी हात पाठीमागे घेतले. म्हणाल्या, जिन्याची पाटी लाकडी आहे, आणि भाऊ गेल्यापासून ती महिनाभर त्यांच्याच दाराला आहे, सणाच्या हारामागे. मी पाहिलीच नव्हती.

"ही तुमच्या बंधूंच्या गाड्यांच्या खोलीची. तुमच्या वडिलांनंतर त्यांनी उचलली. आता कोणी काढली हो?"

मी, म्हटलं.

त्या खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. एकेहार्ड गाड्यांच्या टेबलापाशी सापडला होता, चावी मुठीत धरलेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाईंची बॅग दाराशी भरून तयार होती.

रविवार, २९ नोव्हेंबर

बाई गेल्या. घरात मी एकटी. पाटी गाड्यांच्या खोलीच्या मुठीला परत अडकवली. जेवून उठले तर ती बाहेरच्या दाराला.

मग जिन्यावर झाडू फिरल्याचा आवाज. अगदी खालच्या पायरीवर. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे, झाडू स्वयंपाकघरात. काय करावं सुचेना, इंजिनाला चावी दिली.

गाडी चालू लागली आणि आवाज थांबला.

सोमवार, ३० नोव्हेंबर

बॅग घेऊन दार उघडलं. जिना वळणापर्यंत लख्ख, तिथून वर धूळ. खालून वर झाडलाय. खालून वर कोणी झाडत नाही.

आत गाडी थांबली. वळणावर झाडू सुरू झाला. दिसत कोणीच नाही —

बॅग आत घेतली. चावी दिली. तिकीट फुकट गेलं.

एकेहार्ड कीलला का यायचा नाही, ते आता —

मंगळवार

वरची पायरी. दोन लांब फटकारे, एक आखूड. वडील असेच झाडायचे. एकेहार्डही. हाक मारावीशी वाटते —

नाही मारली.

बुधवार

झाडू उंबऱ्याशी आहे. गाडी मंदावली की कडी हलते.

कॉफी केली. कप विसळला. एप्रन बांधला. बोगद्यातून इंजिन येताना हात पाठीमागे बांधून पाहिलं. स्टेशनात आलं, थांबलं. चावी घातली, पीळ दिला, एकदा, आणि कडी —