उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं

बाबा, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मी आज पत्र लिहायला बसलोय. तेही कशामुळे, तर मन इतकं विटलंय की घरात कुणाशी बोलवत नाही.

लोकसभेची निवडणूक आहे. परवा संध्याकाळी जुन्या इंदुरात, आपल्याच चौकात, टीव्हीवाल्यांनी उमेदवारांची चर्चा ठेवली होती. चर्चा कसली! दोघं आले, तिसऱ्याची खुर्ची रिकामी, आणि दहा मिनिटांत एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचले. त्यांची माणसं जलेबीचे पानांचे दोने हातात घेऊन ओरडत होती, "और सुनाव भिया, और सुनाव!" आमच्या वयाचे म्हातारे खदाखदा हसत होते. एकदा मीही हसलो. त्यांची किळस आली, मग माझी.

मी एकच प्रश्न घेऊन गेलो होतो. तुमच्या सुनेला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. दवाखाना रुळांच्या पलीकडे. फाटक कायमचं बंद झालं, तिथे भिंत आली. पायी जायचा पूल देऊ असं मागच्या दोन्ही निवडणुकांत सांगून गेले. रिक्षा फार लांबून फिरते, तिला ते हादरे सोसत नाहीत. म्हणून भिंतीच्या भगदाडातून आम्ही रूळ ओलांडतो. ती मधेच दम घ्यायला थांबते. मला ऐकू कमी येतं, म्हणून मी मान वळवून वळवून दोन्हीकडे बघत राहतो. पूल कधी होणार, एवढंच विचारायचं होतं. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, तीनदा लिहून काढलं.

तुमची मिलच्या गेटवरची सभा आठवत होती. तुम्ही सगळ्या उमेदवारांना एका टेबलामागे उभं करायचात, खुर्ची कुणालाच नाही. आणि विचारणाऱ्यानं उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही, हा तुमचा नियम. मी नवाच कामाला लागलेलो, सतरा वर्षांचा. मी विचारतो, चाळीत नळ कधी येणार? उमेदवार म्हणतो, "पहले मूँछ तो आने दे, भिया." सगळे हसतात, मी मटकन खाली बसतो. तुम्ही बखोट धरून मला उठवता. "उत्तर मिळालं? मग बसलास कसा?" आणि शेजारी उभे राहता. मग एक एक करून मिलमधलं आपलं सगळं खातं उठतं. तो घाम पुसत म्हणाला, पावसाळ्याआधी. आणि नळ आला, बाबा.

परवा माझी पाळी आली तेव्हा माइकवाल्या मुलीनं माझा कागद काढून घेतला आणि छापलेली चिठ्ठी हातात दिली. "अंकलजी, प्रश्न आधीच ठरलेत. हाच वाचा ना."

"पण बेटा, माझा पुलाचा..."

"तो नंतर घेऊ, पक्का. कॅमेरा चालू आहे."

मी वाचलं. आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आहे, ते पहिलंच राहावं म्हणून आपण काय कराल? टाळ्या पडल्या. एकानं हात जोडले, "वा दादाजी, जबरदस्त सवाल!" उत्तर सुरू व्हायच्या आधीच मी बसलो. निघताना माझा कागद दिसला. कुणीतरी त्यावर जलेबीचा दोना ठेवला होता.

घरी तुमची सून दारातच उभी होती. "विचारलंत?"

"विचारलं."

"मग काय म्हणाले?"

"करतो म्हणाले."

तिनं लगेच शेजारणीला सांगितलं, आमच्या ह्यांनी भर सभेत विचारलं म्हणून. तेव्हापासून तिच्याकडे बघवत नाही. उद्या पुन्हा डायलिसिस आहे, पुन्हा ते भगदाड.

हे पत्र कुठे टाकणार, तुमच्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवतोय. ते दोघं उमेदवार मतं मागायला रविवारी गल्लीत येणार आहेत. एकदा बसलेल्या माणसानं पुन्हा उठलं तर चालतं का, तेवढं त्याआधी कळवा. लवकर कळवा, बाबा.