थीराचं दुकान आणि चिनी मातीची घुबडं

४ नोव्हेंबर, मंगळवार

निर्णय घेतला. आमच्या व्हिबोर्ग शहराची पेठ वाचवायची. सुरुवात थीराच्या दुकानापासून.

आज सकाळी तिच्याकडे गेले तर ती काउंटरमागे कॉफी पीत निवांत बसलेली. म्हणाली, ऑर्हूस शहरातला एक व्यापारी सगळा माल एकगठ्ठा उचलतोय, महिनाअखेर दुकान बंद करते, पाठ फार दुखते. मी तिला तिथेच थांबवलं. पाठ सगळ्यांचीच दुखते. तीस वर्षांचं भांड्यांचं आणि दिव्यांचं दुकान असं सोडून द्यायचं? पेठेत मग उरणार काय, चष्मेवाले आणि केस कापणारे? म्हटलं, थीरा, धीर धर. नाताळ तोंडावर आलाय. आणि मी आहे.

तिने कॉफीचा कप हळूच खाली ठेवला. भारावली असावी.

संकल्प: आजपासून ऑनलाईन काहीही मागवायचं नाही. सुईसुद्धा नाही.

६ नोव्हेंबर

बूट ऑनलाईन मागवले. याला कारण आहे. पेठेतल्या बुटांच्या दुकानातली मुलगी माझ्या पायांकडे बघून म्हणाली, रुंद पायांचे बूट मागच्या खोलीत आहेत. गिऱ्हाइकाशी बोलायची ही रीत नव्हे. तिला धडा मिळावा म्हणून मागवले.

प्रेबेन म्हणाला, अगं ओसे, परवा सुईसुद्धा नाही म्हणालीस ना? माझा नवरा जमीनमोजणी खात्यात होता. त्याला सगळं शब्दशः घ्यायची सवय आहे. बूट म्हणजे सुई नव्हे.

११ नोव्हेंबर

थीराच्या दुकानाची तपासणी केली. तिची चूक लगेच सापडली. बिडाची पातेली, सुऱ्या, नाजूक पेले सगळे पुढे. आणि मागच्या फळीवर, धूळ खात, चिनी मातीची घुबडं. प्रत्येकाच्या डोक्यात मेणबत्ती खोचायला भोक. थीरा म्हणाली, ती कारखान्याने माझ्या गळ्यात मारली, कोणी घेत नाही, तू बघूही नकोस.

मी सगळी नोकरी गणित शिकवण्यात घालवली. हुशार मुलं आपापली पास होतात. मेहनत कच्च्या मुलांवर घ्यायची. घुबडं दर्शनी काचेत मांडून घेतली, पातेली मागे टाकली. थीरा म्हणाली, अगं, ती सगळ्या पेठेकडे डोळे वटारून बघतायत. म्हटलं, बघू देत. लोक थांबतील.

लोक थांबले. एक लहान मूल रडायला लागलं. लक्ष वेधलं जातंय हे महत्त्वाचं.

१८ नोव्हेंबर

समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी. सभासद म्हणजे चर्चच्या गाण्याच्या मंडळातल्या सगळ्या, शिवाय आमच्या गल्लीतले शेजारी आणि घरचे. मंडळाची प्रमुख गेर्दा म्हणाली, थीरासाठी काहीतरी करायलाच हवं, ते खरं. पण घुबडच का? मला तिच्याकडे सुऱ्या घ्यायच्यात. म्हटलं, ज्याने त्याने मनाला येईल ते घेतलं तर त्याला मोहीम म्हणत नाहीत, बाजार म्हणतात. गेर्दा म्हणाली, आपण बाजाराबद्दलच बोलतोय ना?

तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ठराव: या नाताळात प्रत्येक सभासदाने भेटी म्हणून घुबडंच द्यायची, तीही थीराकडून घेऊन. विरोधात कोणी बोललं नाही. इतकी शांतता मला नववीच्या वर्गातसुद्धा कधी मिळाली नव्हती.

उठताना गेर्दाने विचारलं, घुबडाच्या तळाला दुकानाची चिठ्ठी लावून मिळेल ना, नको असेल त्याला बदलून दुसरं काही घेता येईल अशी? अर्थात मिळेल. आपण काय रानटी आहोत? चिठ्ठी न लावता भेट देणं म्हणजे समोरच्यावर जबरदस्ती करणं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घुबडं संपली! सगळी! अख्खी पेठ सेलच्या पाट्यांनी भरलीय आणि थीराने एका पैशाची सूट न देता घुबडं संपवली. तिला म्हटलं, आणखी खोकी मागव, यादीत अजून निम्मे लोक बाकी आहेत.

ती म्हणाली, ऑर्हूसवाल्याला आज शेवटचं उत्तर द्यायचंय. काय सांगू? म्हटलं, सांग की दुकान तेजीत आहे. तिने माझ्यासमोरच फोन केला. खिडकीकडे तोंड करून, हळू आवाजात. फोन ठेवल्यावर पाठ चोळत बसली. मोठ्या निर्णयानंतर माणूस थकतोच.

१० डिसेंबर

थीराकडे भेटी बांधायला गेले. चिठ्ठ्या सगळ्या मी चिकटवल्या, तळाच्या बरोबर मध्यभागी. थीरा तिरक्या चिकटवते. कागद कसा दुमडायचा तेही दाखवलं. ती म्हणाली, ओसे, दमली असशील, घरी जा की. माझी फार काळजी करते. सांगितलं, मी दमत नाही. दुकान बंद होईपर्यंत थांबले.

प्रेबेनच्या स्वेटरचं पार्सल आलं. स्वेटर मोहिमेत येत नाही.

२५ डिसेंबर, सकाळी

कालचं बदक उत्तम झालं. नाताळच्या झाडाभोवती हात धरून गाणी झाली, मग भेटी उघडल्या. घुबडं प्रचंड आवडली. जो तो कागद काढल्याबरोबर घुबड उलटं करून तळ बघत होता. आमच्या घराण्यात कारागिरीची पारख आहे.

दित्ते म्हणाली, आई, हे माझ्याकडे असं का बघतंय? मी काय केलंय याचं? जावई म्हणाला, मला तर ही नजर लग्नापासून ओळखीची आहे. दोघं पोट धरून हसली. मुलगी आणि जावई असे एकत्र हसताना पाहिले की बरं वाटतं.

मलाही घुबडं मिळाली. नणंदेकडून, गेर्दाकडून, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडून. प्रेबेननेही घुबडच दिलं. म्हणाला, ठराव होता.

२७ डिसेंबर, सकाळी

विजय!

सुट्ट्यांनंतर आज दुकानं उघडली. पेठेत शिरले तर थीराच्या दारातून निघालेली रांग थेट बेकरीपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता. रांगेत गेर्दा, अख्खं गाण्याचं मंडळ, आमचे शेजारी, दित्तेसुद्धा. प्रत्येकाच्या हातात पिशवी. नाताळ होऊन गेला तरी लोक थीराकडे येतायत, याला म्हणतात मोहीम. दित्तेच्या पाठीवर थाप मारून शाबास म्हटलं. तिने पिशवी मागे लपवली. लहानपणापासून लाजाळू आहे.

तोच दिवस, दुपारी

तपशील कळला. लोक घ्यायला आले नव्हते. बदलून घ्यायला आले होते.

थीरा एकेक घुबड हातात घ्यायची, चिठ्ठी बघायची, घुबड खाली ठेवायची आणि बदल्यात सुरी नाहीतर पातेलं द्यायची. कोणाशी वाद नाही, कपाळावर आठी नाही. दुपारपर्यंत चांगलं म्हणावं असं दुकानात काही उरलं नाही. घुबडं मात्र फळ्यांवर, काउंटरवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, जिकडेतिकडे. सगळी दाराकडे बघत.

मी पुढे होऊन रांगेला खडे बोल सुनावले. जरा लाज बाळगा, या बाईचं दुकान तुम्ही धुऊन नेताय. दित्ते म्हणाली, आई, अगं चिठ्ठ्या तूच चिकटवल्यास ना? गेर्दा म्हणाली, आणि बाई, तुमच्या त्या पिशवीत काय आहे?

माझी गोष्ट वेगळी आहे. एका घरात इतकी घुबडं ठेवायची कुठे? शेवटचं बिडाचं पातेलं घेतलं. चांगलं जड आहे.

९ जानेवारी

थीरा दुकान बंद करतेय. ऑर्हूसवाल्याला पुन्हा फोन केला होता. त्याने माल काय आहे ते ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. आता एक माणूस बागेतल्या वाटेखाली भर घालायला घुबडं फुकट नेतोय. फोडून.

मी म्हटलं, थीरा, जरा कळ काढ, ईस्टर येतोच आहे. त्यावर ती म्हणाली, ओसे, मला दुकान चालवायचंय का, हे तू एकदाही विचारलं नाहीस. नोव्हेंबरात त्या माणसाचा फोन आला तेव्हा मला कित्येक वर्षांनी हलकं वाटत होतं. आणि त्याच दिवशी तू आत आलीस.

मग थांबलीस कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, तुला नाही म्हणून बघितलंय कोणी?

काही माणसांना मदत घेता येत नाही. प्रेबेनला हे सांगितलं. तो पातेलं घासत होता. घासतच राहिला.

३ फेब्रुवारी

थीरा शहराबाहेरच्या मॉलमध्ये नोकरीला लागली, भांड्यांच्याच विभागात. त्या मॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण मैत्रिणीला अशा वेळी एकटं सोडणं बरं नव्हे. बसने गेले. धीर देणारी चार वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली.

ती एका तरुण बाईबरोबर फळीवर झाकणं लावत होती. बसायला स्टूल होतं. त्या बाईने काहीतरी म्हटलं आणि थीरा हसली. मान मागे टाकून, मोठ्याने, हातातलं झाकण निसटून खाली पडेपर्यंत. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तिला मी दिसले. तिने झाकण उचललं, केस सारखे केले आणि पुन्हा हसली. हे हसू ओळखीचं होतं. तीस वर्षं दुकानात शिरले की हेच मिळायचं. माझ्या मागे एक अनोळखी गृहस्थ उभे होते. त्यांनाही तिने तेच दिलं.

काय दाखवू, तिने विचारलं.

चार वाक्यांपैकी एकही आठवेना. चाळणी मागितली. घरी दोन आहेत.