कोर्चाकांची न भरणारी आकृती

लेनिनग्राड, १२ एप्रिल १९६६

आज चर्चासत्रात पेंगले. माझे मार्गदर्शक कोर्चाक फळ्यापाशी दोन तास घुमत होते— सदऱ्याच्या बाह्या खडूने पांढऱ्या, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा शोधणं चालू. मध्येच म्हणाले, नोन्ना ग्रिगोरियेव्ना झोपेत विचार करतात, त्यांना उठवू नका. सगळे हसले. मी जागीच होते, पण आता डोळे उघडायची सोय राहिली नाही.

प्रबंधाचं दुसरं प्रकरण ठरवून दिलं: त्यांचंच प्रमेय आणखी वरच्या मितींत न्यायचं. म्हणजे मूर्तीला नवा शेंदूर.

१५ एप्रिल

फाईना माझ्या शेजारच्या खोलीत राहते, शिवणकारखान्यात कामाला आहे. सामायिक स्वयंपाकघरात कोबी चिरता चिरता तिने विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय? तिच्याच मापाने सांगितलं. वर्तुळ म्हणजे चकतीची कड. म्हणजे वर्तुळ 'भरतं'. पाटलोणीला वर कमरेचं एक वर्तुळ, खाली पायांची दोन, मधलं कापड त्या तिघांना जोडतं. असं जोडणारं कापड मिळालं की आमच्या लेखी दोन्ही बाजू सारख्या. आणि काही आकृत्या अशा की त्यांना कड म्हणून घेईल असं कापडच जगात नाही. कोर्चाकांनी तशी एक शोधली, नऊ मितींची. ती कधीच भरत नाही. चौदा वर्षं झाली, तिच्यावरच त्यांचं नाव चालतंय.

"म्हणजे तू पाटलोणी शिवतेस."

"शिवत नाही. शिवता येईल की नाही, ते सांगते."

"आमच्याकडे असं नुसतं सांगणारा एक आहे. त्याला साहेब म्हणतात."

२८ एप्रिल

भरते!!

कोर्चाकांची आकृती भरते. मी तिला मधोमध कापलं, एक अर्धा वळवला, परत जोडला— दहा मितींचं कापड तयार, आणि त्याची कड म्हणजे तीच. अकरा पानं. दुसऱ्या प्रकरणासाठी बसले होते, ते ज्यावर उभं, ते प्रमेयच पाडून उठले.

बाहेर जाऊन आइस्क्रीम खाल्लं. नदीवरून बर्फाचे तुकडे वाहत होते, वारा हाडं फोडत होता, आणि मी वेडी आइस्क्रीम चाटत उभी.

२९ एप्रिल

पुन्हा तपासलं. भरते. पानं गादीखाली सरकवली.

४ मे

विभागप्रमुखाची निवड चोवीस तारखेला. एकीकडे कोर्चाक, दुसरीकडे झावाद्स्की. झावाद्स्की समीकरणं सोडवतो, तीही कारखान्यांची, आणि आमच्या विषयाला 'फुगेवाल्यांचं दुकान' म्हणतो. तो आला तर दुकानाला टाळं. आला नाही तर तो पुन्हा उभा राहील, कारण तसल्या माणसांना पाय दुखणं माहीत नसतं.

आज जिन्यात भेटला. काहीतरी सापडलंय म्हणे तुला? म्हटलं, दाढ दुखतेय. दातांच्या डॉक्टरचा पत्ता देऊन गेला. हा माणूस दुष्टही धड नाही, सगळी पंचाईत तीच.

सांगायचं कधी— चोवीसच्या आधी की नंतर? नंतर सांगितलं तर कोणाचं काय बिघडतं? माझंच बिघडतं, असं वाटतं. आणि हे असं वाटणं म्हणजे शुद्ध अहंकार असावा.

७ मे

गेले एकदाची त्यांच्या घरी. त्यांच्या पत्नी बेर्ता योसिफोव्ना कोर्युश्का तळत होत्या. वसंतात हा मासा आला की अख्ख्या शहराला काकडीचा वास येतो. मी जिन्यातच तीन वाक्यं घोकली होती. कोर्चाकांनी दार उघडताच एकही आठवलं नाही. अकरा पानं पुढे केली.

कोर्चाक स्वयंपाकघरातच वाचायला बसले. मासे निवले. चहा निवला. बेर्ता योसिफोव्नांनी मला त्यांच्या लेकीचं बालपण, लग्न, घटस्फोट सगळं सांगून संपवलं. पाच तासांनी कोर्चाकांनी पानं खाली ठेवली आणि निवलेला मासा डोक्यासकट खाल्ला.

म्हणाले, "सुंदर आहे. कापायचं मला कधी सुचलंच नाही, पोरी."

मी म्हटलं, चोवीसपर्यंत थांबते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलाखाली जागा शोधू लागले. बेर्ता योसिफोव्ना मात्र नवऱ्यावर कडाडल्या: दोन आठवडे थांबलात तर आकृती काय नासणार आहे?

"आकृती नाही नासणार, बेर्ता," ते म्हणाले, आणि रुमाल शोधत उठले.

१० मे

आज चर्चासत्रात त्यांनी स्वतः सांगितलं. फळ्यावर आपलं प्रमेय लिहिलं, जुन्या दोस्ताचं नाव लिहावं तसं, आणि त्यावर आडवी रेघ मारली. खाली माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग माझी अकरा पानं माझ्याहून चांगली समजावली. एका जागी मी अडखळले होते, ते हातानेच गुळगुळीत करून पुढे गेले. प्रश्न कोणी विचारला नाही. ज्याचं घर पडलं तोच विटा मोजून दाखवतोय म्हटल्यावर कोण विचारणार?

पहिली टाळी झावाद्स्कीची. तो आमच्या चर्चासत्राला आला होता— सात वर्षांत पहिल्यांदा.

२४ मे

झावाद्स्की अकरा, कोर्चाक तीन.

२६ मे

कोर्चाकांनी निवृत्तीचा अर्ज दिला. कोणी मागितला नव्हता. चर्चासत्राची खोली गेली. मंगळवारी तिथे आता पंप आणि झडपा शिकवणार. झावाद्स्कीने मला बोलावून विभागात नोकरी देऊ केली. म्हणाला, जी मुलगी आपल्याच गुरूला पाडू शकते ती कामाची.

थोबाडीत मारायला हवी होती. हो म्हणाले.

फाईनाला सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, खरं बोललीस ना, मग रडतेस कशाला? मी म्हटलं, रडत नाहीये. तिने टाके न चुकवता एक चिंधी माझ्याकडे फेकली.

३ जून

कोर्चाक शहराबाहेर त्यांच्या लाकडी घरी राहायला गेलेत. भेटून आले. मुळ्याचे वाफे करत होते, अगदी वाकडे. अंतराचा अंदाज त्यांना पहिल्यापासूनच नाही. मला वाटलं होतं खचलेले दिसतील. उलट तासभर माझ्या कापण्याबद्दलच बोलत होते: या युक्तीने आणखी काय काय भरेल, कुठल्या मितीत, पुढच्या हिवाळ्यात दोघं मिळून लिहू. निघताना बेर्ता योसिफोव्ना फाटकापर्यंत आल्या.  बाजारातल्या मुळ्याची जुडी तेवढी हातात दिली.

८ जून

नियतकालिकासाठी स्वच्छ प्रत लिहीत होते. सहावं पान. जोडल्यावर कडेला आकृतीची एक प्रत उरते, असं मी धरलंय. दोन उरतात. अर्धा भाग वळवला की कड दोनदा फिरून येते. चार वेळा मोजलं. दोन प्रती मिळून भरतात हे कोर्चाकांनी १९५२ सालीच छापलंय. मी तेच पुन्हा केलं, जास्त पानांत.

एकटी ती भरत नाही. कधीच भरत नव्हती.

कोर्चाकांकडे जाणारी गाडी सव्वादहाला आहे. पानं घेतली आहेत.