नानांच्या अंकांची शिवण

१२ जानेवारी

चि. धाकटीस अ. आ.

जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून सर्वांना खुली करायचं अनुदान तुझ्या ग्रंथालयाला मिळालं, हे शेजारच्या मास्तरांकडून कळलं. आमच्या वाचनालयानेही अर्ज केला होता, हे तुला ठाऊक होतं. नानांचं साप्ताहिक तीस वर्षं सांभाळलं मी, आणि जगाला दाखवणार तू. लहानपणी अंकांच्या घड्या मी घालायचे आणि वाटायला मिरवत तू जायचीस. तेव्हापासून हे असंच चाललंय.

अभिनंदन. मनापासून जमेल तेव्हा पुन्हा करीन. गुडघा बरा आहे.

तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अभिनंदन अर्धंच पोचलं, उरलेल्याची वाट बघते.

नानांच्या अंकांचा पूर्ण संच फक्त तुझ्याकडे आहे. पण मागच्या खेपेला नेलेलं बाड आमच्या तंत्रज्ञाने पाहिलं. तू इतकं घट्ट शिवलं आहेस की आतला रकाना शिवणीत गेलाय, पान सपाटच होत नाही. सगळ्या बाडांची शिवण कापावी लागेल. तुमच्या वाचनालयाच्या समितीने निर्णय तुझ्यावर सोपवलाय. तू नाही म्हणालीस तर नानांचं साप्ताहिक वगळावं लागेल.

जळण्यात मीही मागे नाही, ताई. नाना अंथरुणाला खिळल्यावर रोज संध्याकाळी तू त्यांना तेच अंक वाचून दाखवायचीस. मला ते पत्रातून कळायचं. त्या संध्याकाळींसाठी अर्ज कुठे करायचा असतो?

उत्तर कडू असलं तरी धाड.

तुझी धाकटी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. आ.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. शिवण कापू देणार नाही, असं समितीला सांगूनही आले. कॉन्व्हेंट शाळेत शिवण शिकवणाऱ्या मदरनी घोटून घेतलेला टाका तो, तीस वर्षांत एक पान सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी एक बाड उघडून आतला रकाना वाचायला बसले, तर मलाच वाचता येईना. मग आठवलं, नानांना वाचून दाखवतानाही तिथली वाक्यं मी पदरची घालायचे. नाना म्हणायचे, एवढं चांगलं लिहिलं होतं का मी?

इथली सगळी बाडं मीच उसवली. एकही पान फाटलं नाही, हे तुझ्या त्या तंत्रज्ञाला मुद्दाम सांग. खोकी उद्याच्या गाडीने निघतील.

एक वर्ष मात्र ठेवून घेतलंय, तुझ्या जन्माच्या आधीचं. तेव्हा नाना माझे एकटीचे होते. तुझ्या संगणकावर तिथे भगदाड राहील. लोक विचारतील, तेव्हा त्यांना माझा पत्ता दे. तुलाही वाचायचं असेल तर ये. पानं मात्र मी उलटीन.

जळत असले तरी लोभ आहेच, तूही ठेव.

ताई