संगणक उठवण्याची सोय

उमरगा

ती. गौरीशंकरमामा,

शरणु शरणार्थ. तुमचा खोकला कसा आहे? (फोनवर तुम्ही नुसतं 'बरं' म्हणता, त्यातून काही कळत नाही. म्हणून पत्र. बंडप्पा संध्याकाळच्या एसटीनं भूमला निघालाय, त्याच्या हाती पाठवतो.)

आप्पा जिन्यावरून घसरले, गुडघा सुजला, हे तुम्हाला कळलंच असेल. डॉक्टरांनी जिना बंद केला. पण खाली दुकानातले तिन्ही संगणक जुने. बटण दाबल्यावर कामाला लागायला अर्धा तास घेतात. मी सकाळी कॉलेजात शिकवायला जातो, राजेश्वरी नऊला दुकान उघडते, आणि फॉर्म भरायला आलेली माणसं त्याआधीच शटर वाजवतात. म्हणून आप्पा आधी उतरून बटणं दाबत. "गिऱ्हाईक काय तुझ्या मशिनीच्या झोपंसाठी थांबतंय व्हय?"

मग मी राउटरमध्ये वेळ लावली. साडेआठला त्यानं तारेतून हाक द्यायची, तिघांनी आपोआप चालू व्हायचं. पहिला प्रयोग रविवारी केला. एक संगणक राजेश्वरीनं बंद न करता नुसता झोपवला होता. त्यानं आदल्या दिवशीचं लग्नाचं गाणं मधूनच पुढं सुरू केलं. आप्पा इष्टलिंग पूजेला बसलेले. (पूजेत ते बोलत नाहीत.) त्यांनी बोटानं खाली दाखवलं. आई उलथनं घेऊन जिन्यात. "कोन हाय रं खाली? चोरी कराया आलाव का वरात घेऊन?"

पुढं एकदा वीज गेली आणि राउटर वेळच विसरला. सकाळी गप्प बसला आणि भर दुपारी, दुकान भरलेलं असताना, सगळ्यांना हाका मारल्या. (सगळे जागेच होते.) आता तो इंटरनेटला वेळ विचारून घेतो. तेव्हापासून एकही चूक नाही. मी येतो तेव्हा तिन्ही संगणक चालू, आणि आप्पा वर खाटेवर पाय लांब करून. एवढं समाधान मला पीएचडीनं दिलं नव्हतं.

तुमचा,
शिवपुत्र

ता.क. आप्पांना आठ दिवस तुमच्याकडं बोलवून घ्या. सकाळी दुकानाला आता त्यांची गरज उरली नाही. हे मी सांगितलं तर दुखावतील, तुमचं ऐकतील.

ता.क. (अक्षर वेगळं दिसेल. मी महांतप्पा. बंडप्पा येईस्तोवर पाकीट माझ्याकडं ठेवलंय.) गौरीशंकर, तुमची बहीण रोज झोपताना राउटर बंद करती. "रातीला कोन बघतंय इंटरनेट?" म्हणती. बंद राउटर कुणाला उठवणार? म्हणून पोरगं कॉलेजला गेलं की मी कठडा धरून उतरतो, त्याला उठवतो, मग तो बाकीच्यांना उठवतो. आधी तीन बटणं दाबायचो, आता एकच. तेवढा आराम आहे. पोराला बोलू नका, लई खूश आहे. मला बोलवू नका. बहिणीला बोलवा. आठ दिवस राउटर जागा राहील, मी झोपंन.