मनोऱ्यावरून आमची गच्ची

३ जानेवारी, शुक्रवार
उद्या चिमणी येणार. कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधली, माझ्या शेजारच्या कॉटवरची. लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हापासून पस्तीस वर्षं नुसती पत्रं. टाइमटेबल करून फ्रीजवर लावलं: रेस्टॉरंट, म्युझियम, जुना मनोरा. ते वाचून हे म्हणाले, यातलं तू काय पाहिलंयस? काहीतरीच. गावात राहिलं की गाव अंगात मुरतं.
पत्रांत मनोऱ्याबद्दल बरंच लिहिलंय खरं. वर गार वारा, वरून आमची गच्ची दिसते. एकशे बारा पायऱ्या मात्र बरोबर. पाटी बसमधून दिसते.
यांना बजावलं, तिच्यापुढे ब्र काढायचा नाही. तिच्या नजरेतून उतरले तर मग काय राहिलं?

४ जानेवारी, संध्याकाळ
आली. केस पांढरे, हसणं तेच. मला अजून ‘मॉनिटर’ म्हणते. बॅगेतून रिबीन बांधलेला गठ्ठा काढला. माझी पत्रं. म्हणाली, गाइडबुक कशाला, ही आहेत ना. डोळे भरून आले. हे मुद्दाम खोकले.

५ जानेवारी
तळ्याकाठचं रेस्टॉरंट, खिडकीपाशी आमचं नेहमीचं टेबल. तिथे टायरचं दुकान निघालं. मालक म्हणाला, एकवीस वर्षं झाली, बाई. मला कोणी कळवायला नको? चिमणी पत्रावरची तारीख बघत होती. गेल्या मार्चची.
घरी येऊन ऑम्लेट.

६ जानेवारी
म्युझियम सोमवारी बंद. बोर्ड आहे, पण इतका मोठा की लक्षच जात नाही. चिमणी म्हणाली, मनोऱ्यावर तरी जाऊ. त्याच क्षणी गुडघा धरला. अगदी खरा. उद्या दहाला नक्की.

७ जानेवारी, ९:४०
उठले तर घरात चिटपाखरू नाही. माझ्याच टाइमटेबलखाली यांची चिठ्ठी: मनोऱ्यावर जातोय, तुझा गुडघा म्हणून उठवलं नाही. भाजी आणा म्हटलं की कंबर धरणारा माणूस. आणि ती. तिच्या हातून फुटलेल्या शाईच्या दौतीचा आळ मी सिस्टरांसमोर स्वतःवर घेतला होता. सगळे फितूर.
११:३०. हसत आले. चिमणी म्हणाली, गच्ची दिसत नाही गं, मधे पाण्याची टाकी आहे. म्हटलं, टाकी नवी आहे. हे म्हणाले, टाकीवर साल लिहिलंय, आपल्या लग्नाआधीचं.
घरभेदी. जेवताना दोघांशी अबोला. मीठ मात्र मागावं लागलं.

८ जानेवारी
चिमणी गेली. गठ्ठा परत नेला, म्हणजे विश्वास शाबूत आहे. हे म्हणतात, टायरच्या दुकानातच तिला सगळं कळलं होतं.
स्टेशनवर तिनं सांगितलं, की मनोऱ्यावरून टाकीच्या दिशेनं बराच वेळ हात हलवत उभी होती. एका पत्रात मीच लिहिलं होतं म्हणे, तू वर उभी राहा, मी गच्चीतून हात हलवीन. कुठल्या पत्रात, आठवेना.
त्या वेळी मी स्वयंपाकघरात फुगून बसले होते.

१२ जानेवारी, रविवार
मनोऱ्यावर एकटीच गेले. यांना मंडईत जाते म्हणून सांगितलं. एक्केचाळीस पायऱ्या झाल्या, मग गुडघा धरला. पाटीवरचा आकडा चुकलेला असणार. तिथेच पायरीवर बसून पत्र लिहायला घेतलं: प्रिय चिमणे, वर फार गार वारा आहे.