सीपीयूवरचं गोणपाट

९ एप्रिल २००२, मंगळवार
कॉम्प्युटर सुरू होता होताच मरतो. आधी खिडकीचं चित्र, मग निळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, की पुन्हा पहिल्यापासून. सकाळपासून अकरा वेळा. ललिताचा कॉलेजचा कॉम्प्युटरचा प्रोजेक्ट आत अडकलाय. दुसरी कॉपी नाही. २२ तारखेला दिला नाही तर तिचं वर्ष गेलं. पोरगी रडकुंडीला आलीये.

बकुळा म्हणाली, चिंचपोकळीच्या मेकॅनिकला बोलवू या. मी म्हटलं, घरात जॉबर असताना बाहेरचा माणूस कशाला? गिरणीत बारा वर्षं रिंग खात्यात सूत काढलं. शेवटचे चार महिने तर जॉबर होतो, साचे दुरुस्त करणारा मुकादम. (बदली, दुसऱ्याच्या जागी.) दोन दिवसांत चालू करतो.

आणि बकुळा चारचौघांत मला 'घरीच असतात' म्हणते ते बरोबर नाही. मी ब्याऐंशीपासून संपावर आहे. संप अजून कुणी मागे घेतलेला नाही.

१० एप्रिल
निदान : व्होल्टेज. गिरणीत पहिल्या पाळीला सगळे साचे एकदम सुरू झाले की असंच व्हायचं. इलाज : पंखा, ट्यूब, टीव्ही बंद. शेजारच्या दुर्गावहिनींना मिक्सर थांबवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, भावजी, चटणी अर्धी वाटून झालीय, तुमचा कॉम्प्युटरच थांबेल की जरा. चटणी झाल्यावर लावला. निळा पडदा. पण या वेळी थोडा उशिरा आला. ललिताला तसं वाटत नाही.

१२ एप्रिल
खोका उघडला. मागच्या छोट्या पंख्याला शिलाई मशीनचं तेल दिलं. बकुळाने विचारलं, हे कुणी सांगितलं? सांगायला कशाला लागतं? आवाज एकदम सुधारला. रोग तोच. ललिता म्हणाली, पप्पा, प्लीज, मेकॅनिकला बोलवा ना. आणखी दोन दिवस मागून घेतले.

१४ एप्रिल, सकाळी ६
जयंती. खाली निळे झेंडे लागलेत. डोळे उघडले ते उत्तर घेऊनच. हवा कोरडी! रिंग खात्यात हवा सुकली की धागा तटातट तुटायचा, म्हणून वरून पाण्याचे फवारे असायचे. या खोक्यात तर केसाएवढ्या तारा. एप्रिलमध्ये तुटणार नाहीत तर काय?

बकुळा म्हणाली, अहो, घामाने पाठ भिजलीय माझी, हवा कोरडी कुठली? ती बाहेरची हवा. आतली वेगळी. गोणपाट भिजवून सीपीयूवर टाकलं.

सव्वाअकरा
चालू झाला!! सात मिनिटं चालला! ललिता फ्लॉपी घेऊन धावली, म्हणाली, आधी प्रोजेक्ट काढून घेते. मी तिचा हात धरला. दुरुस्त झालेल्या साच्यावर लगेच माल चढवत नाहीत. पहिली पाच मिनिटं रिकामा चालवायचा आणि मग थंड करायचा. ती म्हणाली, पप्पा, दोनच मिनिटं. मी बटण बंद केलं. शिस्त म्हणजे शिस्त.

पांढरा शर्ट घालून खाली गेलो. गिरणीतल्या जुन्या सोबत्याला, दत्तारामला सांगितलं, मजल्यावर सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळ
निळा पडदा. ओल कमी पडली. दोन गोणपाटं. वरून अर्धा तांब्या.

१६ एप्रिल
एक गोष्ट कुणीही मान्य करेल : क्रॅश पूर्ण थांबला. आता तो सुरूच होत नाही.

१७ एप्रिल
ललिता माझ्याशी बोलत नाही. दादरच्या मैत्रिणीकडे जाऊन आठवेल तेवढं पुन्हा टाइप करते. तीन महिन्यांचं काम आहे ते. मला भीती वाटते. हे फक्त इथे लिहितोय.

१९ एप्रिल
सीपीयू गॅलरीत उन्हात ठेवला, दुर्गावहिनींच्या पापडांशेजारी. जाता-येता लोक विचारतात, काय झालं? मी म्हणतो, सर्व्हिसिंग. संध्याकाळी पापड वाळले.

२१ एप्रिल, रविवार
बकुळाने मला न विचारता मेकॅनिकला फोन केला. मी परवानगी दिली, तेव्हा तो जिना चढत होता. गणपत नाव. बोलायला फटकळ. खोका उघडून बघितला, एक पट्टी काढली, खोडरबराने घासली, अंगठ्याने दाबून बसवली. म्हणाला, मूळ दुखणं एवढंच होतं, मेमरी सैल झाली होती. दोन मिनिटांचं काम. पण आता हार्ड डिस्क गेली. आतलं काही मिळणार नाही. गंज धरलाय. पाणी कुणी ओतलं यात?

मग ललिता म्हणाली, माझ्या हातून तांब्या लवंडला.

तो तिला खूप बोलला. म्हणाला, कॉम्प्युटरचं शिक्षण घेता आणि एवढी अक्कल नाही? तुमच्यासारख्या मुलींना नोकरीवर कोण ठेवणार? ती मान खाली घालून ऐकत होती. मी तिथेच, दाराशी. सांगणारच होतो.

तेवढ्यात बकुळाने माझ्या हातात चहाचा कप दिला, त्याला द्यायला. मी दिला. विचारलं, साखर बरोबर आहे ना?